तांबं डोंगराचं, शिसं रस्त्याचं

मुंबईहून द्रुतगती मार्गाने निघालेली गाडी, बोरघाट आणि उर्सेचा टोलनाका सोडला, तर खरा ब्रेक मारते ती किवळ्याला. कळंबोलीपासूनचा सुमारे ९५ किलोमीटरचा मोकळा रस्ता इथे संपतो. कात्रजकडे जाणारा बाह्यवळण मार्ग इथूनच सुटतो, जुना मुंबई–पुणे महामार्ग देहूरोडवरून निगडीकडे जातो आणि चाकणच्या कारखान्यांचा माल घेऊन तळवड्याच्या बाजूने आलेले ट्रेलर याच गर्दीत घुसतात. शंभराच्या वेगाने आलेली गाडी काही सेकंदांत वीसवर येते. तिचा सगळा वेग ब्रेकच्या पॅडमध्ये आणि डिस्कमध्ये जिरतो. त्या घर्षणात पॅड झिजतं आणि झिजलेला भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या पुडीसारखा साइडपट्टीवर पडतो.

ब्रेकचं पॅड कशाचं असतं, असं विचारलं तर बहुतेक जण रबर किंवा लोखंड सांगतील. प्रत्यक्षात ते मिश्रण असतं. उष्णता पटकन वाहून जावी म्हणून त्यात तांब्याची भुकटी किंवा तार घालतात, पॅड किंचाळू नये म्हणून अँटिमनी सल्फाइड, वजन आणि भर म्हणून बेरियमचं खनिज, आणि हे सगळं राळेने घट्ट बांधलेलं असतं. डिस्क ओतीव लोखंडाची असते, तीही झिजते. त्यामुळे गाड्या भरधाव धावतात त्या पट्ट्यापेक्षा सिग्नल, टोलनाका, उतार आणि चौक यांच्या कडेच्या मातीत तांबं आणि अँटिमनी जास्त सापडतं. जगभरच्या रस्त्यांवर हे दिसून आलेलं आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१० मध्ये कायदे करून ब्रेकमधलं तांबं टप्प्याटप्प्याने कमी करायला लावलं. कारण होतं सामन मासा. रस्त्यावरून वाहत आलेलं तांबं ओढ्यात गेलं की माशाची वास घेण्याची शक्ती मंदावते आणि त्याला शिकारी ओळखता येत नाही.

टायरची गोष्ट वेगळी. रबर पक्कं होण्यासाठी त्यात गंधक घालतात, आणि ती क्रिया नीट व्हावी म्हणून झिंक ऑक्साइड. टायरच्या वजनाच्या एक-दोन टक्के तरी ते असतं. मोटारीचं एक टायर त्याच्या आयुष्यात एक ते दीड किलो झिजतं, म्हणजे दहा-वीस ग्रॅम जस्त रस्त्यावर सोडून जातं. ट्रकच्या टायरचा हिशेब त्याहून कितीतरी मोठा. त्यात दुभाजकाच्या आणि कठड्याच्या जस्त चढवलेल्या पत्र्याची भर पडते, पावसाच्या प्रत्येक सरीबरोबर थोडी थोडी.

आणखी एक उगम बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. टायरवाल्याकडे व्हील बॅलन्सिंग करताना रिमच्या कडेला ठोकतात ती छोटी करडी वजनं कित्येक वर्षं शिशाचीच असायची, आणि अजूनही अनेक ठिकाणी असतात. खड्ड्यात चाक आपटलं की ती सुटून पडतात. पडलेलं वजन ट्रकच्या चाकाखाली येतं, मऊ असल्याने चपटं होतं आणि हळूहळू त्याचं पीठ होतं. अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरात रॉबर्ट रूट यांनी रस्त्यावर पडलेली अशी वजनं वेचून मोजली आणि त्यांतून रस्त्यावर किती शिसं सांडतं याचा हिशेब २००० मध्ये प्रसिद्ध केला. युरोपीय संघाने मोटारींसाठी शिशाची वजनं २००५ पासून बंद केली. आपल्याकडे खड्डे जास्त आहेत, एवढंच म्हणून पुढे जाऊ.

धूर म्हटला की आपली नजर सायलेन्सरकडे जाते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाल्यावर सायलेन्सरमधून येणारं प्रदूषण खरंच घटलं. ब्रेक आणि टायर यांच्या झिजेला मात्र या नियमांत मर्यादा नाही. युरोपानेही ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर पहिली मर्यादा घातली ती २०२४ मध्ये मंजूर झालेल्या युरो-७ नियमांत. विजेच्या गाड्यांनी हा प्रश्न मिटेल, हेही अर्धंच खरं. मोटरच गाडीचा वेग रोखते म्हणून ब्रेक कमी झिजतात, पण बॅटरीमुळे गाडी जड होते आणि टायर जास्त झिजतात. तांबं उतरेल, जस्त चढेल.

हे झालं आजचं. मातीत मात्र आजचंच साठलेलं नसतं.

शिसं पेट्रोलमध्ये घालण्याची युक्ती १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिड्ग्ली यांना सापडली. इंजिन ठोकत नाही म्हणून ती जगभर गेली. भारतात १९९४ पूर्वी लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालत होतं. टाकीत भरलेल्या प्रत्येक लिटरबरोबर जवळपास अर्धा ग्रॅम, आणि त्याचा मोठा भाग सायलेन्सरमधून थेट बाहेर. १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल आलं, १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर सक्तीचं झालं. शिशाचं पेट्रोल विकणारा जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते २०२१ मध्ये थांबलं. जुन्या महामार्गावरून त्याआधी कित्येक दशकं ट्रक, एसटी, फियाट, अँबॅसिडर आणि स्कूटरी गेल्या. त्यांतल्या डिझेलच्या गाड्या वगळल्या तरी पेट्रोलच्या गाड्यांनी सोडलेलं शिसं गेलं कुठे? मोठा भाग रस्त्यापासून काही मीटरच्या आतच खाली बसला आणि मातीच्या वरच्या पाच-दहा सेंटिमीटरांत अडकला. शिसं मातीत फारसं खाली झिरपत नाही. चिकणमातीच्या कणांना आणि सेंद्रिय पदार्थांना ते घट्ट चिकटतं आणि शेकडो वर्षं तिथंच राहतं. रस्ता रुंद करताना जेसीबीने ती माती उचलून दुसरीकडे भराव म्हणून टाकली, तर तिच्याबरोबर तेही तिकडे जातं. देहूरोड ते निगडी या पट्ट्यात गेल्या पंचवीस वर्षांत रुंदीकरण आणि पूल यांची किती कामं झाली, हे इथल्या लोकांना सांगायला नको. त्यातली माती कुठल्या भरावात गेली, याची नोंद ठेवणं कुणाच्या कामात बसत नाही.

एखाद्या रस्त्याकडेची माती तपासली, किलोमागे इतके मिलिग्रॅम तांबं, इतकं क्रोमियम, इतकं शिसं असा तक्ता आला, तर पुढे काय? या तक्त्याचा अर्थ लावताना आपल्या भागात एक मोठी अडचण येते. ती समजून घ्यायला देहूरोडहून तळेगावकडे जाताना लागणाऱ्या घोरावडेश्वरच्या डोंगरावर जाणं उत्तम. महामार्गाला लागूनच उभा असलेला हा डोंगर, पोटात बौद्ध लेणी, खाली रेल्वे आणि रस्ता. लेणी ज्या खडकात कोरली तो काळा बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून दख्खनचं पठार झालं, त्यातला हा एक तुकडा. या दगडात लोखंड भरपूर असतं, वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. त्याच्याबरोबर तांबं, निकेल, क्रोमियम, कोबाल्ट आणि व्हॅनेडियम हेही बऱ्यापैकी. दख्खनच्या बेसाल्टमध्ये किलोमागे शंभर ते दोनशे मिलिग्रॅम तांबं असणं ही नवलाची गोष्ट नाही. हा दगड झिजून त्याचा मुरूम झाला, मुरमाची काळी माती झाली, आणि ते सगळे धातू मातीत उतरले. कुठलीही गाडी, कुठलाही कारखाना यायच्या आधी.

शिसं मात्र बेसाल्टमध्ये फारच थोडं. किलोमागे पाचेक मिलिग्रॅम, कधी त्याहूनही कमी. अँटिमनी आणि कॅडमियम तर अगदी नगण्य.

आता गंमत पाहा. मातीतलं प्रदूषण मोजण्यासाठी जगभर एक निर्देशांक वापरतात. १९६९ मध्ये म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने तो मांडला. सापडलेलं प्रमाण भागिले मूळ नैसर्गिक प्रमाणाच्या दीडपट, आणि मग त्याचा दोनच्या पायावर लॉगरिथम. शून्य किंवा त्याखाली आलं तर माती स्वच्छ, एकच्या वर गेलं तर मध्यम प्रदूषित, असं करत वर. ‘मूळ नैसर्गिक प्रमाण’ म्हणून अनेक जण सरळ १९६१ च्या एका कोष्टकातली जागतिक सरासरी घेतात. ती शेल या गाळाच्या खडकाची सरासरी आहे: तांबं ४५, शिसं २०, जस्त ९५, क्रोमियम ९०, निकेल ६८.

समजा, घोरावडेश्वरच्या उतारावरची, रस्त्यापासून दूरची अस्पर्श माती घेतली आणि तिच्यात तांबं १५० भरलं. भागिले ४५ ची दीडपट, म्हणजे साडेसदुसष्ट. उत्तर सव्वादोनच्या आसपास, निर्देशांक एकच्या थोडा वर. डोंगरावरची माती ‘मध्यम प्रदूषित’ ठरली! आता खाली रस्त्याकडेला या, आणि तिथल्या मातीत शिसं ३० आहे असं धरा. भागिले २० ची दीडपट, म्हणजे तीसच. उत्तर एक, निर्देशांक शून्य. रस्त्याची माती ‘स्वच्छ’. पण इथलं मूळ शिसं वीस नव्हतंच, पाच होतं. पाचाच्या हिशेबाने निर्देशांक दोन येतो, आणि तेवढं शिसं नैसर्गिक प्रमाणाच्या सहापट आहे. आकडे मी उदाहरणापुरते धरले आहेत, पण चूक खरी आहे. एकाच कोष्टकाने डोंगराला दोषी ठरवलं आणि रस्त्याला सोडून दिलं.

म्हणून या भागातल्या मातीत तांबं, निकेल, क्रोमियम, लोखंड हे साक्षीदार म्हणून कच्चे. ते डोंगराकडूनही बोलतात आणि रस्त्याकडूनही. जस्त मधलं. शिसं, अँटिमनी आणि कॅडमियम यांची साक्ष मात्र पक्की, कारण या दगडाने ते फारसे दिलेलेच नाहीत. सापडले तर ते माणसानेच आणले. त्यातही अँटिमनी म्हणजे ब्रेक असं साधारण धरता येतं. शिशाचे तर समस्थानिकही मोजता येतात, आणि वेगवेगळ्या खाणींतल्या शिशात त्यांचं प्रमाण वेगळं असल्याने पेट्रोलचं शिसं, बॅटरीचं शिसं आणि रंगाचं शिसं कधीकधी वेगळं काढता येतं.

ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या मातीचा एक अभ्यास हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या कृष्णा आणि गोविल यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे क्रोमियम किलोमागे सरासरी पाचशेच्या वर आणि काही ठिकाणी हजार मिलिग्रॅमपर्यंत सापडलं, तांबं सरासरी शंभरच्या आसपास. तिथलाही दगड बेसाल्टच. क्रोमियमचा हजाराचा आकडा दगडाच्या माथी मारता येत नाही, तो कारखान्यांचाच. सरासरी शंभर तांबं मात्र बेसाल्टच्या मातीत सहज असू शकतं. एकाच तक्त्यातला एक आकडा धोक्याची घंटा आणि शेजारचा आकडा निव्वळ भूगोल. हा भेद न करता ‘प्रमाण मर्यादेबाहेर’ असा मथळा छापला की वाचणाराही घाबरतो आणि खरा दोषीही निसटतो.

अशीच फसगत लोहचुंबकाची. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात बार्बरा माहेर यांनी रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवर बसलेल्या धुळीची चुंबकता मोजून गाड्यांचं प्रदूषण शोधण्याची फार स्वस्त पद्धत उभी केली. ब्रेकच्या धुळीत मॅग्नेटाइट असतं, ते चुंबकाला चिकटतं. पद्धत सुंदर आहे. पण इथल्या कुठल्याही ओढ्याच्या वाळूतून लोहचुंबक फिरवा, काळ्या दाण्यांची दाढी येते. तेही मॅग्नेटाइटच, बेसाल्टचं. युरोपातून आलेली रीत इथे तशीच लावली तर आपल्या बोगनवेलीच्या आणि कण्हेरीच्या पानांवर निम्मा डोंगरच मोजला जाईल.

पेट्रोलमधल्या शिशावर जोरदार हल्ला चढवला तो पृथ्वीचं वय काढणाऱ्या क्लेअर पॅटरसन यांनी, आणि तोही नैसर्गिक काय आणि माणसाने आणलेलं काय याच मुद्द्यावरून. दगडातलं शिसं मोजताना त्यांच्या प्रयोगशाळेत बाहेरून इतकं शिसं येत होतं की मोजमापच जमेना. तेव्हा माणसाच्या शरीरातलं त्या काळचं शिसं नैसर्गिक मानलं जात असे. १९६५ च्या निबंधात त्यांनी दाखवलं की ते नैसर्गिक नाही, फक्त नेहमीचं झालेलं आहे. उद्योगाने त्यांना बराच काळ बाजूला टाकलं. पॅटरसन यांच्यासमोरचा धोका असा, की प्रदूषणालाच निसर्ग समजलं जातंय. दख्खनमध्ये तो धोका आहेच, आणि त्याच्या उलटाही आहे: निसर्गालाच प्रदूषण समजलं जाईल.

इथली काळी माती मात्र एक उपकार करते. ती चुनखडीयुक्त, किंचित अल्कधर्मी असते आणि तिच्यातली चिकणमाती फार पकड धरणारी. अशा मातीत शिसं, जस्त, कॅडमियम मुळांना सहजासहजी मिळत नाहीत. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत ते जास्त मोकळे होतात. त्यामुळे रस्त्याकडेच्या मळ्यातल्या पालकात शिसं आत शोषलेलं कमी आणि पानांवर धुळीच्या रूपात बसलेलं जास्त. ते नीट धुतलं की बरंच जातं. उलट, क्रोमियमचं सहा संयुजेचं विषारी रूप आणि अँटिमनी अल्कधर्मी मातीत जास्त हालचाल करतात. भोसरी आणि आसपासच्या लहान शेडमधून चालणारं क्रोम प्लेटिंग म्हणूनच रस्त्याच्या धुळीहून वेगळा आणि गंभीर विषय आहे. बेसाल्टमधलं क्रोमियम तीन संयुजेचं, जवळपास निरुपद्रवी. प्लेटिंगच्या हौदातलं सहा संयुजेचं, कर्करोगकारक. तक्त्यात दोन्ही ‘क्रोमियम’ म्हणूनच छापून येतात.

पण मातीची पकड पोटात टिकत नाही. जठरातलं आम्ल मातीच्या कणाला चिकटलेलं शिसं सोडवतं. म्हणूनच या सगळ्या विषयात सगळ्यात मोठा प्रश्न लहान मुलांचा आहे. जमिनीवर खेळणारं, हात तोंडात घालणारं मूल रोज शंभर मिलिग्रॅमच्या आसपास माती आणि धूळ गिळतं, असा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा रूढ अंदाज आहे. हिशेब करून पाहू. मातीत किलोमागे २०० मिलिग्रॅम शिसं असेल तर शंभर मिलिग्रॅम मातीतून वीस मायक्रोग्रॅम पोटात जातं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलांच्या खाण्यातून रोज जाणाऱ्या शिशासाठी ठरवलेली संदर्भमर्यादा आहे २.२ मायक्रोग्रॅम. सगळं शिसं रक्तात उतरत नाही हे खरं, पण मोठ्या माणसाचं पोट दहा टक्के शोषत असेल तर लहान मुलाचं चाळीस-पन्नास टक्के शोषू शकतं. लोह आणि कॅल्शियम कमी असलेलं शरीर त्याहून जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. म्हणजे साइडपट्टीवरची धूळ आणि अंगणवाडीतलं लोहाचं औषध हे दोन वेगळे विषय नाहीत. मुलाला पुरेसं लोह मिळणं हाच शिशापासूनचा एक बचाव आहे, आणि तो स्वस्तही आहे.

किती शिसं सुरक्षित, या प्रश्नाचं वैद्यकशास्त्राने दिलेलं उत्तर गेल्या पन्नास वर्षांत सतत खाली येत गेलं. आज सुरक्षित पातळी अशी काही मानलीच जात नाही. अमेरिकेत मुलांच्या रक्तासाठीची संदर्भपातळी २०२१ पासून डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅम आहे, आणि घराभोवतीच्या मातीसाठीची पातळी तिथल्या पर्यावरण संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये ४०० वरून २०० मिलिग्रॅमवर आणली. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात पाच मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं असल्याचा अंदाज दिला. यातला मोठा वाटा रस्त्यांचा नाही, हे सांगायलाच हवं. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवण्याचे चोरटे धंदे, भेसळीच्या हळदीतला लेड क्रोमेट, रंग आणि भांडी हे त्याहून मोठे उगम आहेत. बॅटरी फोडण्याच्या जागेवरची माती महामार्गाच्या मातीपेक्षा शेकडो पटींनी वाईट असू शकते.

या पट्ट्यात तसे धंदे कुठे चालले आणि कुठे नाही हे भंगाराच्या व्यवहारात गुंतलेलं असतं. चिखलीच्या कुदळवाडीतली भंगाराची गोदामं आणि शेड पिंपरी-चिंचवड महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये मोठी मोहीम काढून पाडली. केबल जाळून तांबं काढणं, मोटारीचे सुटे भाग कापणं, रंगाचे डबे रिकामे करणं असे व्यवहार कुठल्याही भंगारपेठेत वर्षानुवर्षं होत असतात. शेड पाडल्या की शेड जातात, जमीन जागच्या जागी राहते. तिच्यावर पुढे काय उभं राहणार हे ठरवण्याआधी वरची पाव मीटर माती तपासायला फारसा खर्च येत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले आहेत, तेव्हा कायद्याची सबबही आता उरलेली नाही.

धूळ उन्हाळ्यात उडते, पावसाळ्यात वाहते. देहूरोड पवना आणि इंद्रायणी यांच्यामधल्या उंचवट्यावर वसलेलं आहे. दक्षिणेकडचं पाणी किवळे–रावेतकडे पवनेला मिळतं, उत्तरेकडचं देहूच्या बाजूला इंद्रायणीला. ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत साचलेला फुफाटा जूनच्या पहिल्या दोन-तीन जोरदार सरींत गटारांतून एकदम खाली उतरतो. वर्षभरातला सगळ्यात घाण प्रवाह तोच. पिंपरी-चिंचवड महापालिका रावेतच्या बंधाऱ्यावरून पाणी उचलते आणि निगडीला शुद्ध करते, त्यामुळे नळाच्या पाण्याची भीती बाळगायचं कारण नाही: कणांना चिकटलेला धातू गाळण्यात गाळाबरोबर खाली बसतो. उरलेला जातो नदीच्या तळाच्या गाळात. पहिल्या पावसाचा हाच सुमार तुकोबांच्या पालखीचा. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघून ती चिंचोलीवरून, देहूरोडवरून आकुर्डीला येते. अनवाणी चालणाऱ्या वारकऱ्यांच्या पायांतून शिसं शरीरात जात नाही, अखंड कातडी त्याला जवळपास आत येऊच देत नाही. रस्त्याकडेला बसून जेवताना हात धुवायला पाणी मिळणं महत्त्वाचं.

रस्ते झाडण्याचंही थोडं सांगतो. धातूंचा मोठा वाटा धुळीच्या सगळ्यात बारीक भागात असतो, साधारण ०.०६ मिलिमीटरहून लहान कणांत. खराटा खडे, पानं, प्लास्टिक उचलतो आणि हा बारीक भाग हवेत उडवतो किंवा तिथंच सोडतो. कोरड्या फिरत्या ब्रशचं यंत्रही तेच करतं, फक्त जास्त वेगाने. शोषून घेणारं आणि पाणी मारणारं यंत्र बरं. सकाळी नुसत्या रुमालाने तोंड बांधून झाडणाऱ्या कामगाराच्या फुफ्फुसात तो बारीक भाग जातो. पिंपरी-चिंचवडमधली हवा किती वाईट, हे उष्णदेशीय हवामान संस्थेच्या ‘सफर’ केंद्रांवरून रोज कळतं; हवेच्या आपल्या राष्ट्रीय मानकांत तर शिसं, निकेल आणि आर्सेनिक यांनाही मर्यादा आहेत. गोळा केलेली धूळ कुठे टाकली, कुठल्या उद्यानात भराव झाली, याचा मात्र पत्ता नाही. कार्डिफ विद्यापीठाच्या हेझल प्रिचर्ड यांनी ब्रिटनमधल्या रस्त्याच्या कचऱ्यातून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून झिजून पडलेलं प्लॅटिनम शोधलं होतं. आपल्याकडे या धुळीतून सोनं-रुपं मिळेल अशी आशा नको, पण तिची निदान एकदा तपासणी व्हायला हरकत नसावी.

देहूरोडला या कामासाठी एक दुर्मीळ सोय आहे. लष्कराच्या डेपोंमुळे इथे मोठाले माळ आणि टेकड्या कुंपणाआड राहिल्या. तिथे घरं झाली नाहीत, महामार्ग गेला नाही, भराव पडला नाही. दगड तोच, मुरूम तोच, पाऊसही तोच. पुण्याच्या वाढत्या पट्ट्यात इथली मूळ माती कशी होती हे सांगू शकेल अशी जागा आता हुडकून सापडत नाही, आणि ती इथे महामार्गापासून थोड्याच अंतरावर आहे. काम अवघड नाही. कुंपणाआतल्या आणि रस्त्याकडेच्या काही ठिकाणांहून वरची पाच सेंटिमीटर माती घ्यायची, प्लास्टिकच्या डावाने, लोखंडी खुरप्याने नव्हे. सावलीत वाळवायची, बारीक चाळणीतून चाळायची. शिसं, अँटिमनी, कॅडमियम, जस्त, तांबं, क्रोमियम, सहा संयुजेचं क्रोमियम वेगळं, आणि जठरासारख्या आम्लात किती सुटतं तेही. मग जागतिक कोष्टक बाजूला ठेवून आतल्या आणि बाहेरच्या मातीतला फरक बघायचा. पुण्यात हे करू शकणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, विद्यार्थी आहेत. सगळ्यात जास्त वेळ लागेल तो बहुधा कुंपणाच्या आत डाव घेऊन जायची परवानगी मिळवायला.